"नाही"भोवतीचं वर्तुळ

हे लिहायला बसण्याआधी मी माधवीला विचारलं. आजार तिचा, पोट तिचं, टाके तिचे. मी फक्त नवरा. ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण माझ्या वतीने लिहू नका. तुमचं तुम्ही लिहा."

जरा वेळाने म्हणाली, "आणि तांबीला तांबीच म्हणा. 'ते साधन' वगैरे नको."

म्हणून सरळ सांगतो. माझ्या बायकोला बसवलेली तांबी गर्भाशयाची भिंत ओलांडून पोटात गेली होती. तीन वर्षं ती तिथे होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. शेवटी तोक्योमधल्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीच्या ऑपरेशनने ती काढली. ऑपरेशन चांगलं झालं. माधवी आता बरी आहे. वैद्यकीय गोष्ट इथेच संपते. माझी त्याआधी सुरू होते.

तिकिटं

मोठा भूकंप झाला तेव्हा आमचा नील चार महिन्यांचा होता आणि ऋचा सहा वर्षांची. मी तोक्योतल्या तोयोसुच्या ऑफिसात, माधवी ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर. गाड्या बंद, लिफ्ट बंद. मी चालत घरी पोचलो, नऊ मजले चढलो, तेव्हा ती दोन्ही मुलांना घेऊन जेवणाच्या टेबलाखाली बसली होती. मला बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही आलात ना."

त्या तीन शब्दांत जो विश्वास होता तो मी पुढे कसा खर्च केला, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

दहाव्या दिवशी मी तिला आणि मुलांना डोंबिवलीला तिच्या आईकडे पाठवलं. आमच्या वसाहतीतली बरीच भारतीय कुटुंबं तेव्हा गेली. चार महिन्यांनी परतीचा विषय निघाला तेव्हा फोनवर मी म्हणालो, "तिसरं तर आपल्याला नकोच आहे. तिथेच तांबी बसवून ये. इथे मला डॉक्टरांना सगळं समजावून सांगावं लागेल."

"नील अजून अंगावर पितोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थांबलात तरी चालेल. आईपण म्हणतेय घाई नको."

"अगं, तिकिटं काढलीत मी."

तिने बसवून घेतली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा आठवड्यांनी तांबीचे दोरे जागेवर दिसतात का ते तपासून जा. सहा आठवडे व्हायच्या आधीच विमान होतं. "तपासणी काय, इथेही होईल," मी म्हणालो.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी घाबरायचं. तांबी वाईट नाही. असंख्य बायका ती वापरतात आणि त्यांना काहीही होत नाही. बाळ अंगावर पीत असताना बसवली तर ती भिंतीतून सरकण्याची शक्यता थोडी जास्त असते, एवढंच मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. म्हणून तर ती तपासणी सांगतात.

ऑफिसातली सवय

माझं काम मुंबईच्या कंपनीचं, पण बसायचं जपानी ग्राहकाच्या शेजारी. ग्राहक बोलणार, मी ऐकणार आणि पुण्या-मुंबईच्या टीमला सांगणार. अशा माणसाला आमच्याकडे 'ब्रिज' म्हणतात. मला जपानी चांगलं येतं. त्याचा मला अभिमान होता, आजही थोडा असेल.

या कामात एक खोड लागते. ग्राहक दहा वाक्यं बोलतो, तुम्ही एक सांगता. ग्राहक म्हणतो, "हे स्वीकारण्यासारखं नाही," तुम्ही टीमला सांगता, "थोडं सुधारायला हवंय." टीम म्हणते, "अशक्य," तुम्ही ग्राहकाला सांगता, "तपासून कळवतो." दोन्ही बाजू खूश, मीटिंग वेळेवर संपते. वरिष्ठ मला म्हणायचे, तुमच्यामुळे कसं गुळगुळीत चालतं हो.

तेच मी घरी आणलं. माधवीला दुकानापुरतं जपानी यायचं. बँक, शाळा, वॉर्ड ऑफिस, दवाखाना, सगळीकडे तिच्या तोंडातले शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडायचे, आणि बाहेर पडताना कमी व्हायचे.

जपानमध्ये कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी फॉर्म हातात देतात. आधीचे आजार, ऑपरेशनं, औषधं, ॲलर्जी. प्रत्येक प्रश्नापुढे दोन अक्षरं असतात, एक 'आहे' आणि एक 'नाही'. लागू असेल त्याभोवती वर्तुळ काढायचं. माधवीचे सगळे फॉर्म मीच भरायचो. 'नाही'ची वर्तुळं वरपासून खालपर्यंत काढत जायला अर्धं मिनिट लागतं.

ती परत आल्यावर सहा-सात महिन्यांनी उजव्या बाजूला खाली दुखायला लागलं. फार नाही, ठसठस. जवळच्या दवाखान्यात मी ऑफिसला जाता जाता तिला नेलं, सगळी 'नाही'ची वर्तुळं काढली, आणि डॉक्टरांनी पित्ताची औषधं दिली. दुखणं आलं-गेलं. तिला त्याची सवय झाली. बायकांना कशाकशाची सवय होते आणि आपण त्या सवयीला बरं वाटणं म्हणतो.

पडद्याच्या अलीकडे

तांबी बसवली त्याच्या पुढच्या वर्षी वॉर्डाकडून गर्भाशयाच्या कॅन्सरच्या तपासणीचं पत्र आलं. फॉर्म सोबतच होता. रविवारी सकाळी पोहे खाता खाता मी तो भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता, गर्भाशयात गर्भनिरोधक साधन बसवलेलं आहे का.

हा प्रश्न मी वाचला होता. वाचलाच नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

'आहे'वर वर्तुळ काढलं असतं तर खाली आणखी चार ओळी होत्या. कधी बसवलं, कुठलं, कुठे, शेवटची तपासणी केव्हा. डोंबिवलीला फोन करावा लागला असता, आणि शेवटच्या ओळीत 'केलेली नाही' असं लिहावं लागलं असतं. मी 'नाही'वर वर्तुळ काढलं.

दवाखान्यात निघताना माधवी म्हणाली, "डॉक्टरांना तांबीचं विचारा हं. दोरे दिसतात का ते."

"विचारतो."

इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणीच्या खुर्चीत कमरेवर पडदा असतो. बाईला लाज वाटू नये म्हणून. तिला डॉक्टर दिसत नाहीत, डॉक्टरांना तिचा चेहरा दिसत नाही. माधवीने नंतर सांगितलं, पडद्याच्या त्या बाजूला ती मोडक्या इंग्रजीत "कॉपर-टी, चेक, चेक" असं दोनदा म्हणाली होती. पलीकडून आवाज आला, "हाय, डायजोबु." म्हणजे सगळं ठीक, लगेच होईल, घाबरू नका, काहीही.

त्या डॉक्टर साठीच्या, शांत बाई होत्या. त्यांना दोरे दिसले नाहीत. पण नसलेल्या वस्तूचे दोरे कोण शोधणार? कागदावर मी लिहून दिलं होतं, नाही.

नंतर खोलीत बसल्यावर त्या म्हणाल्या, सगळं नीट दिसतंय, निकाल टपालाने येईल. तेव्हा विचारता आलं असतं. एक वाक्य. पण विचारलं असतं तर फॉर्म चुकीचा भरला हे कबूल करावं लागलं असतं, आणि साडेदहाला मीटिंग होती. मी वाकून आभार मानले.

बाहेर चपला घालताना माधवीने विचारलं, "विचारलंत ना?"

"हो. आहे जागेवर."

एवढंच म्हणालो. तिने मोकळा श्वास सोडला, आणि येताना स्टेशनजवळच्या दुकानातून मुलांसाठी क्रीमचे पाव घेतले.

दोन रेघा

त्यानंतर दोन वर्षांनी, शरदात, तिची पाळी चुकली. अडतिसावं चालू होतं. तिला वाटलं वयाचं असेल. तरी औषधाच्या दुकानातून तिने चाचणीची पट्टी आणली. मी दात घासत होतो. तिने पट्टी माझ्यासमोर धरली. दोन रेघा.

"कसं शक्य आहे? तांबी आहे ना," मी म्हणालो. तोंडात पेस्टचा फेस होता.

"मलाही तेच वाटलं." पण ती हसत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी हसायची तशी. "नीलला कुणीतरी हवंच होतं खेळायला."

"या वयात? आणि घर केवढं आपलं?"

तिचं हसू गेलं नाही. नुसतं आत गेलं. त्या मुलाविषयी मी बोललेली ही पहिली वाक्यं. ती दुरुस्त करायला मला फार दिवस मिळणार नव्हते.

आम्ही कॅन्सरची तपासणी केलेल्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सोनोग्राफीच्या पडद्यावर तांदळाएवढं काहीतरी दिसलं आणि त्यात लुकलुक होती. माधवीने माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी तांबी शोधली, खूप वेळ शोधली, दिसली नाही. मग त्यांनी जुनी फाइल मागवली. माझ्या निळ्या पेनाचं वर्तुळ समोर आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तपासणीच्या वेळी साधन होतं का?" त्यांनी मला विचारलं.

"होतं. माझ्याकडून चुकीचं लिहिलं गेलं."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं, तर तेव्हाच शोधता आलं असतं." आणि पुढे म्हणाल्या, बहुधा कधीतरी पडून गेली असेल, पण नक्की सांगता येत नाही, आत्ता गर्भ असताना एक्स-रे नको.

"काय म्हणतायत?" माधवीने विचारलं.

"पडून गेली असेल म्हणतात."

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. डॉक्टर सोनोग्राफी करत होत्या आणि बोलत नव्हत्या. मग त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, ठोके दिसत नाहीत. दुभाष्याचं हे असंच असतं, बातमी आधी त्याच्याकडे येते. मी मराठीत वाक्य जुळवायला लागलो.

"नका सांगू," माधवी म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती. "मला दिसतंय."

मूल गेलं त्याचा तांबीशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वयात असं होतं, कारण सापडत नाही. मी त्यांना तीन वेगवेगळ्या वेळी विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच. वाचणाऱ्यांनी तेच खरं धरावं. मी मात्र अजून विचारतच असतो.

ही इथे होय

महिन्याभराने मोठ्या रुग्णालयात पोटाचा एक्स-रे काढला. तरुण सर्जननी तो उजेडात लावला. मणक्याच्या उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या वर, पांढरीशुभ्र तांबी तिरकी पडली होती. कुणीतरी टेबलावर काहीतरी ठेवावं आणि विसरून जावं तशी.

माधवी आधी हसली. "अगंबाई! ही इथे येऊन बसली होय!" मलाही हसू आलं. तिचं हसू थांबेना. मग माझ्या लक्षात आलं की ती आता हसत नाहीये. सर्जननी रुमालांचा खोका पुढे सरकवला आणि खिडकीकडे बघत बसले.

आपल्याला तांबी बसवलेली असेल आणि दोरे लागत नसतील, तर 'पडली असेल' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. पडलेली बघितली नसेल तर ती पडलेली नाही, असं धरून चाला. एक एक्स-रे पुरतो.

सांगा ना

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी समजावून सांगण्यासाठी बोलावतात. बेंबीपाशी एक भोक आणि खाली दोन छोटी. तांबी आतड्याला चिकटलेली असेल तर पोट उघडावं लागू शकतं, तशी शक्यता कमी. त्या दिवशी मी एकेक वाक्य पुरं सांगत होतो. माधवीने माझ्याकडे एकदा नवलाने बघितलंसुद्धा.

मग सर्जननी विचारलं, "बसवल्यानंतर कधी तपासली होती का? जागेवर असल्याचं कुणी बघितलं होतं का? आत किती दिवस आहे यावर किती चिकटलीय त्याचा अंदाज येतो."

मी भाषांतर केलं.

"हो तर," माधवी म्हणाली. "पुढच्याच वर्षी कॅन्सरच्या तपासणीत. जागेवर होती म्हणाल्या ना त्या. सांगा त्यांना."

सर्जन पेन धरून थांबले होते.

"सांगा ना," ती म्हणाली.

खोटं सांगितलं असतं तर त्यांचा अंदाज चुकला असता, आणि आठवड्याने सुरी त्यांच्याच हातात असणार होती. मी जपानीत म्हणालो, तपासलेली नाही. सुरुवातीपासूनच बाहेर होती का, ते मला माहीत नाही. "वाकारिमासेन."

सर्जननी लिहून घेतलं. पण हा एक शब्द माधवीला येत होता. दुकानात, शाळेत, फोनवर, सगळ्यात जास्त तीच तो वापरायची. माहीत नाही, कळत नाही.

बसमध्ये तिने विचारलं, "वाकारिमासेन का म्हणालात?"

"तारीख विचारत होते. नक्की आठवली नाही."

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

चार खाटांची खोली

भरती व्हायला पायजमा, टॉवेल, पेला, पोटाला बांधायचा पट्टा, सगळं आपलं आपण न्यायचं असतं. प्रत्येक वस्तूवर नाव. खोलीत चार खाटा, प्रत्येकीभोवती पडदा. शेजारच्या खाटेवरच्या सत्तरीच्या आजींनी पडदा बाजूला करून माधवीला नमस्कार केला आणि पट्टा कसा बांधायचा ते स्वतःच्या पोटावर बांधून दाखवला.

आमच्या खालच्या मजल्यावर केतकी राहते. रसायनशास्त्रात पोस्टडॉक, नगरची, बोलायला तिखट. मुलांना तिनेच सांभाळलं. दुपारी ती येऊन एक कार्ड देऊन गेली. एका बाजूला देवनागरीत, दुसऱ्या बाजूला जपानीत: दुखतंय. मळमळतंय. मासे खात नाही, माशांचं पाणीही नको. नवऱ्याला बोलवा. नवऱ्याला बोलावू नका.

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं.

"लागतं, दादा. वहिनींना विचारा."

माधवी हसली. कार्ड तिने उशीखाली ठेवलं. केतकी गेली.

मला वाटलं, उद्या तिला काही झालं तर हे माझ्याजवळच राहील. मी स्टूल पुढे ओढलं. खोलीत कुणाला मराठी येत नव्हतं, तरी कुजबुजत सांगितलं. फॉर्मवरचं वर्तुळ. मीटिंग. मी विचारलंच नव्हतं. 'आहे जागेवर' हे माझं वाक्य होतं, डॉक्टरांचं नाही.

ती पट्ट्याची टोकं सरळ करत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी मी पडद्याआडून ओरडत होते, ते कुणीच ऐकलं नाही."

"नाही."

"आणि मी दोन वर्षं निर्धास्त होते."

"हो."

"हे आजच सांगायचं होतं का?" तिचा आवाज चढला नव्हता. "गेल्या आठवड्यात मी विचारलं होतं. तेव्हा नाही सांगितलंत. आता मन हलकं करून तुम्ही घरी जाल. उद्या भूल देताना ते म्हणतील, चांगला विचार करा. मी कुठला विचार करत झोपू?"

कबुलीसुद्धा मी माझ्याच सोयीने दिली होती.

नर्स तापमान बघायला आली. माधवीने उशीखालचं कार्ड काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. नर्सने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि फार सौम्यपणे म्हणाली की भेटण्याची वेळ तशी अजून आहे, पण पेशंटना विश्रांती हवी आहे.

घरी ऋचा दारातच उभी होती. जपानीत तिने विचारलं, आई बरी होणार ना? ती मनापासून काही विचारते तेव्हा जपानीतच विचारते. "होणार," मी म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणखी काही सांगेन म्हणून.

डबी

दुसऱ्या दिवशी तिला चालवतच ऑपरेशनच्या खोलीपर्यंत नेलं. दारापाशी तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. त्याशिवाय तिला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. "सांभाळा," म्हणाली, आणि नर्सचा हात धरून आत गेली. कुठला विचार करत ती झोपली, ते मला आजही माहीत नाही.

नातेवाइकांच्या खोलीत मी तो चष्मा दोन्ही हातांत धरून बसलो. दीड तास. समोर पाण्याचं यंत्र होतं आणि थोड्या थोड्या वेळाने ते आपोआप गुरगुरायचं.

इथे एक पद्धत आहे. शरीरातून जे काढलं ते सर्जन बाहेर येऊन घरच्यांना दाखवतात. ते आले, मास्क हनुवटीवर ओढला, आणि झाकणाची पारदर्शक डबी पुढे धरली. पोटातल्या चरबीच्या पडद्यात ती गुंडाळली गेली होती. आतडं शाबूत होतं. पोट उघडावं लागलं नाही.

करंगळीच्या दोन पेरांएवढी. तांब्याची तार काळी पडली होती. आमच्या घरी देवाचा तांब्या आठवडाभर चिंचेने घासला नाही की पडतो तशी. दोरे होते. ते दोन पांढरे धागे तीन वर्षं आत कुठे लोंबत होते आणि त्यांचं काम काय होतं, तर कुणीतरी बघावं, एवढंच.

"हे आम्ही टाकून देऊ का?" सर्जननी विचारलं.

"हो" माझ्या ओठांवर आलंच होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी लगेच देतो. मी थांबलो. म्हणालो, "बायकोला विचारून सांगतो. एक-दोन दिवसांनी सांगितलं तर चालेल का?"

ते जरा चकित झाले. म्हणाले, चालेल.

पेज

नंतरचे चार दिवस सोपे नव्हते, पण भयंकरही नव्हते. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखतो. पोटात भरलेल्या हवेमुळे तसं होतं आणि दोन दिवसांत जातं. दुसऱ्याच दिवशी सलाइनचा दांडा धरून चालायला लावतात. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून उठायचं. हे डॉक्टरांनी नाही, शेजारच्या आजींनी शिकवलं. माधवी उठली की त्या पडद्याआडून बारीक टाळ्या वाजवायच्या.

पहिल्या जेवणात भाताची पेज आली, वर एक खारवलेलं लाल प्लम. माधवीने चाटून बघितलं. "आईच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण येते," म्हणाली. सूपच्या वाटीकडे बोट दाखवून तिने कार्ड काढलं, माशांची ओळ दाखवली. नर्सने कपाळाला हात लावून माफी मागितली आणि वाटी उचलली. भरतीच्या फॉर्मवर तीही ओळ मी भरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "डबी बघायची आहे का? टाकून द्यायची का, ते विचारत होते."

"आणायला सांगा."

तिने ती उजेडात धरली, हलवली. आत टकटक वाजली.

"एवढीशी," ती म्हणाली. मग झाकणावरून बोट फिरवत, "ही जागेवर असती तर ते आलंच नसतं. जागेवर नव्हती म्हणून आलं. आलं आणि गेलं. आता मी कुणावर रागवू? हिच्यावर, का तुमच्यावर, का आनंद झाला म्हणून माझ्यावर?"

"माझ्यावर," मी म्हणालो.

"ते तर आहेच," ती म्हणाली. डबी तिने नर्सकडे परत दिली. टाकून द्या, हे शब्द तिला जपानीत येत नव्हते. तिने ते मला विचारले नाहीत. कचऱ्याच्या डब्याकडे हात केला आणि मान हलवली.

तीन आणि दोन

घरी आल्यावर काही दिवस ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. मग हळूहळू भाजी, शाळा, गॅस, सगळं सुरू झालं. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारणंही माझ्याच सोयीचं होईल.

ती मंगळवारी सकाळी वॉर्डाच्या जपानी वर्गाला जाते. फ्रिजवर शरीराच्या अवयवांची अक्षरं लावली आहेत. नील तिची परीक्षा घेतो आणि चुकली की खदाखदा हसतो.

वसंतात पुन्हा तपासणी होती, त्याच शांत डॉक्टरीणबाईंकडे. काउंटरवर फॉर्म दिला. माझा हात आपोआप पुढे गेला. माधवीने फॉर्म घेतला, पेन घेतलं आणि माझ्या शेजारी बसली. एकेक अक्षर बोटाने वाचत ती वर्तुळं काढत होती. मध्ये थांबून वर बघायची, ओठ हलवायची. एका पानाला वीस मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

एका ठिकाणी ती अडली. "हे गरोदरपण किती वेळा, आणि हे बाळंतपण किती वेळा. बरोबर?"

"बरोबर."

रुग्णालयात भरती होताना हाच प्रश्न होता. तेव्हा मी दोन्ही चौकटींत दोन लिहिलं होतं. हात तसाच गेला होता.

माधवीने पहिल्या चौकटीत तीन लिहिलं. पेन उचललं नाही, आकडा पुन्हा गिरवून ठळक केला. दुसऱ्या चौकटीत दोन लिहिलं.

तेवढ्यात नर्सने तिचं नाव पुकारलं. मी पिशवी उचलून उभा राहिलो. इतक्या वर्षांची सवय.

माधवीने फॉर्म छातीशी धरला. "तुम्ही बसा," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी बसलो.